मंचरकडून आलेला रोगी

'मौजनगरी'च्या फाटकासमोर रविवारी सकाळी नऊ वाजता दोन रांगा लागल्या होत्या. एक तिकिटाची. दुसरी तिच्या दुप्पट, रस्त्यापलीकडच्या कडुलिंबाखाली, आणि ती तापाची.

नाशिकच्या बाहेर, मुंबई-आग्रा रस्त्याला लागून हे मोठं मनोरंजन उद्यान. पाण्याच्या घसरगुंड्या, आकाशपाळणा, लाटांचा तलाव, आणि दिवसाढवळ्या काळोख विकत देणारा भूतबंगला. जिल्ह्यात गोवराची साथ सुरू झाल्यापासून फाटकावर एक पाटी लागली होती. पंधरा वर्षांखालच्या मुलांचं गोवराच्या दोन डोसांचं कार्ड दाखवा. ताप किंवा पुरळ असल्यास प्रवेश नाही. आणि सगळ्यात खाली, मुंगीएवढ्या अक्षरांत, पैसे परत मिळतील.

या पाटीनंच शीतळनाथ महाराजांना जन्माला घातलं म्हणायचं. पाटी लागली सोमवारी, महाराज प्रकटले मंगळवारी.

"डॉक्टर म्हणतो, मी ताप मोजतो," महाराज कडुलिंबाखालून सांगत होते. "अरे बाबा, मोजून काय करतोस? किलोवर विकायचाय का? आमची माई मोजत नाही, उतरवते. माईचं नाव काय? शीतळा. म्हणजे काय? थंड. ज्याची आई थंड, ते लेकरू गरम राहील का?"

"नाय राहणार," रांग म्हणाली.

"सुईनं रक्त निघतं. फुंकरीनं निघतं का? मग दोन-दोन डोस कशाला? माईचा डोस एकच, आणि तोही गार."

समोर मातीचा माठ. माठात राखाडी रंगाचा, कापराच्या वासाचा लेप. महाराज तो बोटभर जाडीचा थर मुलाच्या कपाळावर, कानशिलांवर, गळ्यावर थापायचे, मोरपिसांच्या कुंच्यानं वारा घालत मंत्र म्हणायचे आणि तिकिटाच्या पाठीवर माईचा शिक्का मारून म्हणायचे, "पळ आता. मागं वळू नको, लेप पुसू नको. पाच मिनिटांत फाटक गाठ."

"आणि साक्ष कोण देतं?" महाराजांचा हात फाटकाकडे वळला. "आमचा चेला नाही. ती बघा, बंदूकवाली बाई. तिचं यंत्र साक्ष देतं."

सगळ्या माना फाटकाकडे वळल्या. तिथं टेबलामागे बसलेल्या सिंधुबाईंनी मान खाली घातली.

सिंधुबाई म्हणजे सुरगाण्याच्या डोंगरात एकोणतीस वर्षं लसीची निळी पेटी खांद्याला लावून हिंडलेल्या नर्स. निवृत्तीनंतर इथं नोकरीला लागल्या. पाड्यांवर त्यांना सगळे नावानं ओळखत, इथं 'ओ बंदूकवाल्या मावशी' म्हणत. काम एवढंच, ताप बघायची बंदूक कपाळासमोर धरायची. हिरवा दिवा लागला तर आत, लाल लागला तर माघारी. आणि पाच दिवस घडत होतं ते असं, की लाल दिव्यानं माघारी गेलेलं पोर पंधरा मिनिटांत लेप लावून यायचं आणि दिवा हिरवा.

आधी त्यांना वाटलं, सेल संपले. बदलले. मग वाटलं, आपली नजर. चष्मा पुसला. मग वाटलं, आपलं वय झालं, नवी यंत्रं आपल्याला कळत नाहीत. बोलायचा त्यांना पहिल्यापासून संकोच. चारचौघांत उभं राहायचं म्हटलं की पदराचं टोक बोटाला गुंडाळलं जायचं. त्यातून एकदा एका मुलाचा लेप पुसायला गेल्या, तर त्याच्या मामानं व्हिडिओ काढला आणि मॅनेजर रविराज धावत आला. तेव्हापासून लेप पुसायला बंदी.

पण शुक्रवारी एक गोष्ट घडली. लेप लावलेलं दोन वर्षांचं पोर फाटकापर्यंत भोकाड पसरत आलं. "सुई नको, सुई नको," एवढंच म्हणत होतं. सुई कुणी दाखवली नव्हती. सिंधुबाई वाकल्या, नाक पुढं केलं, आणि कापराच्या आडून त्यांना एक जुना ओळखीचा वास भेटला. त्यानंतर शनिवारी संध्याकाळी, फाटकाजवळच्या वड्याच्या गाडीमागं, सिंधुबाई आणि गाडीवाल्या गोजराबाई दोघींनी बराच वेळ काहीतरी केलं. गोजराबाईंनी गुडघ्यासाठी म्हणून महाराजांकडून वाटीभर लेप मागून आणला होता. दोघींनी काय केलं ते कुणाला सांगितलं नाही. त्यात तीन बटाटे वाया गेले, इतकंच.

रविवारी साडेनऊला कळवणहून जीप आली. त्यातून उतरलेल्या एका घरची मुलगी, सहा वर्षांची स्नेहल, नवा फ्रॉक घालून टेबलासमोर उभी राहिली. डोळे लाल, नाक वाहतंय. बंदुकीत आकडा उठला एकशे दोन, आणि दिवा लाल.

"कार्ड आहे का हो?" सिंधुबाईंनी विचारलं.

"एक डोस झालाय, सिस्टर," स्नेहलची आई हर्षाली म्हणाली. "दुसऱ्याच्या टायमाला द्राक्षाच्या कामावर होतो आम्ही, राहूनच गेला."

"एकदा टोचलं म्हंजे झालं की," आजी वत्सलाबाई मधेच म्हणाल्या. "दोनदा टोचायला ती काय गोधडी हाय?"

"नाही सोडता येणार, आजी. दवाखान्यात दाखवा आधी."

स्नेहलचा ओठ थरथरला. ती महिनाभर भिंतीवर रेघा मारून दिवस मोजत होती. वत्सलाबाईंनी तिचा हात धरला आणि सरळ रस्ता ओलांडला. पंधरा मिनिटांनी परत आल्या तेव्हा स्नेहलचं तोंड सारवलेल्या भिंतीसारखं दिसत होतं.

बंदूक. सत्त्याण्णव. हिरवा.

"बघा," वत्सलाबाई म्हणाल्या. "तुमचंच मशीन म्हणतंय."

रविराज मागं येऊन उभाच होता. "सोडा सिस्टर. ग्रीन आहे, शिक्का आहे. मागं रांग थांबलीय."

"साहेब, लेप पुसून एकदा..."

"अजिबात नाही. लोकांच्या भावना असतात. परत व्हिडिओ निघाला तर हेड ऑफिसला उत्तर तुम्ही देणार का?"

सिंधुबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळायला लागल्या. तेवढ्यात हर्षालीच्या कडेवरचं बाळ शिंकलं.

"हे केवढं?"

"सातवा महिना लागलाय."

सातवा महिना. गोवराची पहिली लस नवव्या महिन्यात देतात. त्याआधी बाळाची ढाल एकच, भोवतालच्या माणसांनी घेतलेली लस. आणि त्या दिवशी आत गेलेली कडेवरची बाळं सिंधुबाईंनी मनातल्या मनात मोजली होती. अकरा. लाटांच्या तलावाकाठी, भूतबंगल्याच्या कोंदट बोळात, या पोरीच्या एका खोकल्यात त्यातल्या किती जणांना गोवर होईल, याचा हिशेब कुठलीच बंदूक दाखवत नव्हती.

पदर सुटला.

"साहेब, दहा मिनिटं द्या," त्या म्हणाल्या, आणि आपला आवाज एवढा मोठा निघाला याचं त्यांनाच नवल वाटलं. "माझ्याकडं एक रोगी आहे, हिच्यापेक्षा जास्त तापलेला. त्याला माईचा लेप लावू. तो हिरव्यात आला की आत सोडायचं की नाही ते तुम्ही सगळ्यांसमोर ठरवा. तुम्ही सोडा म्हणालात तर स्नेहलला मी स्वतः आत नेते आणि ही नोकरी महाराजांच्या पायाशी ठेवते."

"आणि हिरव्यात आलाच नाही तर?"

"येणार, साहेब. माझा लेपावर पूर्ण विश्वास आहे."

हे ऐकून वत्सलाबाईंना गहिवरून आलं. रांगेतली माणसं बाजूला झाली. सिंधुबाई रस्ता ओलांडून महाराजांसमोर हात जोडून उभ्या राहिल्या.

महाराजांचा चेहरा उजळला. साक्षीदारच शरण आला होता. "बोल बेटी."

"एक रोगी आहे, महाराज. इथवर चालत येऊ शकत नाही."

"काय होतंय?"

"अंग इतकं तापलंय की हात लावला तर चटका बसतो."

"काही बोलतो का?"

"शब्द नाही तोंडून."

"खातो-पितो?"

"काही नाही."

"अरेरे. कुठला आहे?"

"मंचरकडून आलाय."

"लांबून आलाय बिचारा. वयानं मोठा आहे का?"

"तीनेक महिन्यांचा असेल."

महाराजांनी डोळे मिटले. "दिसला. मला इथूनच दिसला. त्याच्या आईला फार काळजी लागलीय." मग गर्दीकडं बघून ते म्हणाले, "चला, आज मी स्वतः येतो. सगळ्यांनी या. माईचा खेळ उघड्यावर होऊ दे."

चेल्यानं माठ उचलला. महाराज पुढं, मोरपीस मागं, आणि त्यामागं दोन्ही रांगा. फाटकापाशी गोजराबाई टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी दोन्ही हातांनी धरून उभ्या होत्या. त्यांनी ते टेबलावर अलगद ठेवलं आणि टॉवेल उघडला.

आत एक उकडलेला बटाटा होता. चांगला वांग्याएवढा.

सिंधुबाईंनी बंदूक धरली. तिनं आकडाही दाखवला नाही, नुसताच लाल दिवा लावून ती किंचाळत राहिली.

"ही काय थट्टा आहे," महाराज म्हणाले.

"थट्टा नाही, महाराज. ताप आहे. यंत्र साक्ष देतंय, तुम्हीच म्हणता ना. लावा लेप."

"माई माणसांसाठी..."

"तुम्हाला तर इथूनच दिसला होता," गोजराबाई म्हणाल्या. "मंग काय दिसलं होतं?"

पहिलं हसू मागच्या रांगेतून फुटलं. महाराज जागचे हलेनात, म्हणून सिंधुबाईंनीच माठात हात घातला, बटाट्यावर बोटभर थर थापला आणि मोरपिसांचा कुंचा घेऊन वारा घालायला सुरुवात केली. मंत्र काही त्यांना येत नव्हता, म्हणून त्यांनी लसीकरणाचं वेळापत्रक म्हटलं. "जन्मल्यावर बीसीजी आणि पोलिओ, नवव्या महिन्यात गोवराचा पहिला, सोळाव्याला दुसरा." दीड मिनिटानं बंदूक धरली.

सत्त्याण्णव पॉइंट चार. हिरवा.

"बटाटा पास," एक पोर ओरडलं.

सिंधुबाईंनी प्रवेशाचा कागद ओढला आणि गंभीरपणे भरला. "नाव बटाटा. गाव मंचर. ताप नाही. साहेब, घसरगुंडीवर सोडू ना? हिरवा आहे."

रविराजनं रुमाल काढून मानेवरचा घाम पुसला. "पुढं बोला, सिस्टर," एवढंच तो म्हणाला.

"महाराज, बरा झालाय ना तो? मग हात लावून आशीर्वाद द्या."

गोजराबाईंनी बटाटा मधोमध फोडला. वाफेचा लोट उठला. चारी बाजूंनी माणसं बघत होती. महाराजांनी बोट पुढं केलं, टेकवलं आणि झटक्यात मागं घेतलं. मग त्यांनी फुंकर मारली. स्वतःच्या बोटावर.

"माई वनस्पतीतही वास करते," ते बोट झाडत म्हणाले.

"अगंबाई, म्हंजे मी रोज दहा किलो माईच उकडते का?" गोजराबाई म्हणाल्या. "लयच पाप झालं की."

हसण्याचा गलका विरल्यावर सिंधुबाई बोलू लागल्या. सुरुवातीला चाचरत, मग नेहमीच्या आवाजात, पाड्यावरच्या बायांशी बोलत तसं.

"ही बंदूक आतला ताप बघत नाही. वरचं काय गरम आहे तेवढंच बघते. वर लेप असला तर लेपाचा ताप सांगते. लेप आहे ओल्या मातीचा, माठात गार केलेला, आणि त्यात स्पिरिट आहे. इंजेक्शनच्या आधी दंडाला चोळतात तेच. वास लपवायला कापूर. परवा त्या लेकराला नुसत्या वासानं सुई आठवली, मला मात्र चार दिवस लागले." त्यांनी लेपाचं बोट हर्षालीच्या मनगटाला लावलं. "फुंकर मारा."

"गार लागतंय," हर्षाली म्हणाली.

"स्पिरिट उडून जाताना अंगातली ऊब घेऊन जातं. घाम वाऱ्यानं सुकतो तेव्हा गार वाटतं, माठ पाझरतो म्हणून पाणी गार होतं, तेच हे. दहा मिनिटांत लेप सुकला की ताप परत दिसतो. म्हणून तर पाच मिनिटांत फाटक गाठायचं. वरून गार, आत वाफ."

"खोटं आहे हे," महाराजांनी कुंचा हिसकावून हात वर केला. "लसच पाप आहे."

उपरण्याखालचा दंड उघडा पडला. सिंधुबाई हसल्या.

"महाराज, तुमच्या डाव्या दंडावर दोन गोल वण आहेत. देवीच्या लशीचे. ज्या रोगाला लोक शीतळा म्हणायचे, तो त्या लशीनं जगातून गेला. तुमच्या आईनं फुंकरीवर भागवलं नाही. लांबून आलेल्या बाईकडून टोचून घेतलं, म्हणून तुम्ही आज इथं उभे आहात."

महाराजांनी दंड झाकला. पण ते कुणी फारसं पाहिलं नाही, कारण सगळे वत्सलाबाईंकडं बघत होते. त्या स्नेहलसमोर गुडघ्यावर बसल्या होत्या. पदराचं टोक ओलं करून त्या नातीचं कपाळ पुसत होत्या, मग कानशिलं, मग गळा.

"देवाचं पुसायला नको म्हनलं होतं मी," त्या पुटपुटल्या. "पण हे देवाचं नाय."

सिंधुबाईंनी पर्समधून आपलं जुनं काचेचं थर्मामीटर काढलं आणि स्नेहलच्या काखेत ठेवलं. तीन मिनिटं शे-दीडशे माणसं त्या काचेकडं बघत राहिली. एकशे दोन पॉइंट चार. मग तोंड उघडायला सांगितलं. गालाच्या आतून मिठाच्या कणांसारखे बारीक पांढरे ठिपके.

"गोवर असावा. पुरळ अजून यायचंय, पण लागण करायला आत्ताच मोकळा आहे तो. बाळालाही दाखवायला हवं."

रविराजनं उद्यानाची गाडी मागवली, त्या घराच्या तिकिटांचे पैसे परत करायला सांगितले आणि स्वतः पोलिसांना फोन लावला. तोवर महाराज आग्र्याच्या दिशेनं निघून गेले होते. माठ आणि चेला मागं राहिले. चेल्याच्या झोळीत मुलतानी मातीची दोन पाकिटं आणि स्पिरिटची बाटली निघाली. बटाट्याचं पुढं काय झालं ते गोजराबाईंना विचारा.

स्नेहल आठवड्यात बरी झाली. बाळालाही गोवर आलाच, चार दिवस त्यानं दवाखान्यात काढले. वेळेवर गेले म्हणून चारच, असं डॉक्टर म्हणाले. फाटकाच्या आत होती त्या अकरा बाळांना मात्र त्या घरचा खोकला भेटला नाही.

रविराजनं पाटीवर सिंधुबाईंच्या सांगण्यावरून एक ओळ वाढवली, आणि ती मुंगीएवढ्या अक्षरांत नाही, तर सगळ्यात वर, सगळ्यात मोठी. 'कपाळ पुसून यावे. देव असेल तर त्याला राग येणार नाही. ताप असेल तर तो लपणार नाही.'

आपणही, बाबांनो, एवढंच करायचं आहे. जे खरं आहे त्याला पुसून बघितल्याची भीती नसते. जो म्हणतो पुसू नका, विचारू नका, पाच मिनिटांत पळा, त्याच्यापाशी मुद्दाम दहा मिनिटं थांबा. आणि पोरांचे दोन्ही डोस वेळेवर द्या. दोन्ही तुमच्या लेकरासाठी, आणि दोन्ही शेजारच्या बाळासाठीसुद्धा.

दोन महिन्यांनी कळवणची जीप पुन्हा आली. स्नेहलच्या हातात नवं कार्ड होतं. रांगेत उभी राहून तिनं पाटीची वरची ओळ एकेक अक्षर जुळवत वाचली, फ्रॉकच्या बाहीनं कपाळ खसाखसा पुसलं, आणि सिंधुबाईंनी बंदूक उचलायच्या आतच हात वर करून काख पुढं केली.

"आतून बघा," ती म्हणाली.