सुपारीच्या खांडाचंही व्यसन नाही

धारूरच्या घाटाखालच्या त्या गावात मुक्ताबाई ओसरीवर बसून सीताफळं निवडत होती. पिकली एका पाटीत, कच्ची दुसऱ्या. तेवढ्यात पोलीस शिपाई दाराशी आला. शेजारच्या भगवानरावांचा मुलगा हरिओम लष्कराच्या शस्त्रकोठारावर पहारेकरी म्हणून निवडला गेला होता, आणि त्याच्या वर्तनाची चौकशी गावात चालू होती.

सकाळपासून सारं गाव एका सुरात सांगत होतं, पोराला सुपारीच्या खांडाचंही व्यसन नाही. हाच हरिओम भरदिवसा झिंगून पडायचा, तेव्हा याच लोकांनी "पित्त झालंय" म्हणत त्याला घरी पोचवलं होतं. आपल्याकडे यालाच अब्रू राखणं म्हणतात!

"शेजारी तुम्हीच ना? पोरगा दारू पितो का?"

मुक्ताबाईचा नवरा बिभीषण बाजेवर बसला होता. "न्हाई साहेब, लई गुणाचं पोरगं हाय."

शिपाई निघाला, पण बाजेला टेकवलेली कुबडी त्याला दिसली. "पायाला काय झालं?"

बिभीषणनं मान खाली घातली. तो भगवानरावांच्याच शेतावर राखणदार होता. मुक्ताबाईचा मात्र जीव जळाला. ज्यानं पाय घालवला त्याची भलावण पाय गमावलेल्यानंच करावी?

"मी सांगते," ती उठली. "हरिओमनं पिऊन ट्रॅक्टर घातला ह्यांच्या पायावर. पंच म्हनले, बैल उधळला म्हना. आता त्याच्या हाती बंदूक देनार? उद्या कुनाचा जीव गेला, तवा बी बैलच उधळला म्हनायचं का?"

शिपायानं वहीत लिहून घेतलं. "बाई, प्यायचा पण उपचार घेऊन सोडली, असं असतं तर वर विचार तरी झाला असता. लपवल्यावर विश्वास कसा ठेवायचा?"

हरिओमची नोकरी हुकली. बिभीषणची राखण सुटली, आणि गावानं मुक्ताबाईशी बोलणं टाकलं. हरिओमशी मात्र सगळे बोलत होते. त्याचं दुःख हलकं करायला जो तो त्याला पाजत होता.

काही दिवसांनी हरिओमची बायको मोहिनी दारात उभी राहिली. ओठ सुजला होता. शिव्या द्यायला आली असेल, असं मुक्ताबाईला वाटलं.

"काकू, ह्यांना दारू सोडवाया अंबाजोगाईला दवाखान्यात न्यायचंय. मामंजी म्हनतेत, गावात बोभाटा हुईल. कुनीच येईना. तुमी येता का संग?"

मुक्ताबाईनं नवऱ्याकडं पाहिलं. बिभीषण बराच वेळ कुबडी चाचपत राहिला.

"जा," तो म्हणाला. "अन् डाक्टरनं इचारलं, तर माझ्या पायाचं बी सांग."