कुलूप काढणार नाही

थोरली मामाच्या कंपनीत कामाला होती. थोरली हे तिचं घरातलं नाव. मामाने ऑफिसातही तेच चालू ठेवलं आणि बघता बघता वॉचमनपासून सगळे तिला थोरलीच म्हणू लागले.

कंपनी एका हॉस्पिटलसाठी सॉफ्टवेअर बनवत होती. लॅबमध्ये रक्त तपासलं की रिपोर्ट थेट वॉर्डातल्या स्क्रीनवर दिसायचा. त्यासाठी एकाच कॉम्प्युटरवर दोन प्रोग्रॅम चालायचे. एक रिपोर्ट मेमरीतल्या ठरलेल्या जागी लिहायचा, दुसरा तिथूनच वाचून दाखवायचा. जागा सामाईक, त्यामुळे काम झटपट.

सॉफ्टवेअरची चाचणी चालू असताना वॉर्डातल्या सिस्टरांनी तक्रार केली. एका आजींच्या नावापुढे भलतेच आकडे दिसले आणि डोळे चोळून पुन्हा पाहीपर्यंत बरोबर झाले. सिस्टरांची झोप झाली नसेल, असं म्हणून मामाने ते हसण्यावारी नेलं. थोरलीला मात्र खटकलं. ती वॉर्डात जाऊन सिस्टरांशेजारी स्टूल टाकून बसली. दुपार टळली, पाठ अवघडली, आणि मग तिने स्वतःच पाहिलं: नाव एका पेशंटचं, आकडे आधीच्याचे. मामाचं बोलणं सिस्टरांच्या कानावर गेलेलं असावं. त्या म्हणाल्या, "तुमचीही झोप झालेली दिसत नाही."

परत येऊन तिने कोड उघडला. लिहिणारा प्रोग्रॅम आधी नाव बदलायचा, मग आकडे. नेमकं त्या मधल्या क्षणी दुसऱ्याने वाचलं की घोळ. अशा जागेला कुलूप घालतात: एकाचं लिहून पुरं होईपर्यंत दुसऱ्याने थांबायचं. ते कुलूप पूर्वी होतं. स्क्रीन रेंगाळते म्हणून मामानेच काढायला लावलं होतं.

तिने ते परत घातलं आणि मामाला सांगितलं. दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलचे लोक काम पाहायला येणार होते. मामाने आधी समजावलं, मग आवाज चढवला. एकदा काम ताब्यात देऊ, दुरुस्ती काय नंतरही होईल, उद्या स्क्रीन अडखळली तर नाक कापलं जाईल, असं त्याचं म्हणणं. थोरली बधली नाही. संध्याकाळी आईचा फोन आला. मामाने आपल्यासाठी काय काय केलं याची उजळणी झाली. थोरलीने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, त्या वॉर्डात तू असतीस तर?

सकाळी मामा तिच्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला. "कुलूप काढ."

"मी काढणार नाही. तुला काढायचं तर काढ. मग काय होतं ते मी त्यांना दाखवीन."

"मामाशी असं बोलतेस?"

"मामा आहेस म्हणून बोलतेय. नुसता साहेब असतास तर राजीनामा दिला असता."

मामाने तिच्यादेखत कुलूप काढलं.

पाहुणे आले, त्यांच्यात सिस्टरही होत्या. रिपोर्ट भराभर दिसू लागले, मोठ्या डॉक्टरांनी मान डोलावली. तेव्हा थोरली उठली. तिने लिहिणाऱ्या प्रोग्रॅमला नाव आणि आकडे यांच्या मध्येच मुद्दाम थांबवलं. स्क्रीनवर एकाचं नाव नि दुसऱ्याचे आकडे ठाण मांडून बसले.

"वॉर्डात हे क्षणभरच दिसतं," ती म्हणाली. "पण तेवढ्यात कुणी औषध लिहिलं तर?"

मग कुलूप घालून तिने पुन्हा तेच केलं. या वेळी स्क्रीन जुना रिपोर्ट धरून थांबली आणि नवा आला तो पूर्ण आला. डॉक्टरांनी मामाला विचारलं, यातलं आम्हाला कोणतं देणार? मामाचा चेहरा पडला. दुसरं, तो म्हणाला. काम ताब्यात घेणं पुढे ढकललं गेलं.

पाहुणे गेल्यावर मामाने तिला उद्यापासून येऊ नकोस म्हणून सांगितलं. ती आली. तिचं टेबल प्रिंटरशेजारच्या कोपऱ्यात हलवलेलं होतं. ती तिथे बसली आणि आणखी कुठे कुलूप घालायचं राहिलंय ते शोधू लागली. कुणाला कोणतं औषध द्यायचं ते दाखवणाऱ्या भागातही ते नव्हतं.

रविवारी ती नेहमीसारखी मामाकडे जेवायला गेली. मामा ताटाकडे बघत मामीला म्हणाला, "विचार तिला, औषधांचं कधी होणार?"

"समोर बसलीय, तुम्हीच विचारा," मामी म्हणाली.

"झालेलं नाही," थोरली मामाकडे बघून म्हणाली. "आणि झाल्याशिवाय मी ते कुणाला देऊ देणार नाही." मग तिने भाताचं भांडं आपल्याकडे ओढलं.