दाजींचा नकार

रक्त कधीच थांबलं होतं, तरी चन्नम्मानं दंडावरचा कापूस दाबूनच धरला होता. डॉक्टरीणबाई समोरचे रिपोर्ट पुन्हा पाहत होत्या. शांतलिंगला खुर्ची दिली होती, पण तो बायकोच्या पाठीशी उभाच राहिला.

"साखर किती वर्षांपासून आहे?" बाईंनी मान वर केली.

"लई वर्सं झाली," चन्नम्मा लगबगीनं सांगू लागली. "माझी पोरं ल्हान हुती तवापास्नं. पण त्यानं कधी मनावरच घेतलं न्हाय बघा. गोळ्या चालू करायचा, बरं वाटलं की सोडून द्यायचा. आमचा अण्णा म्हंजे..."

"भावाचं नाही विचारत. तुमचं विचारतेय."

चन्नम्मा हसली. बाईंचा काहीतरी घोटाळा झालाय असं तिला वाटलं असावं. मग तिनं मागं वळून नवऱ्याकडं पाहिलं.

"मला कुठली साखर?" ती म्हणाली. "मला कधी डोकंदुखीची गोळी लागली न्हाय."

बाईंनी रिपोर्टचा कागद बाजूला ठेवला. साखर आत शिरून बरीच वर्षं झाली असणार, काही दुखत नाही म्हणून कळलं नाही, असं त्या सांगू लागल्या. लघवीतून प्रथिनं जात होती. म्हणजे किडनीची गाळणी सैल पडायला लागली होती. सकाळी पुन्हा तपासून पाहिलं, तरी तेच आलं. बोलताना त्यांचा आवाज जराही चढला नाही, आणि म्हणूनच शांतलिंग आता खुर्चीवर बसला.

"घाबरू नका. वेळ गेलेली नाही," त्या म्हणाल्या. "साखर आणि बीपी ताब्यात ठेवलं, गोळ्या चुकवल्या नाहीत, तर या किडन्या पुष्कळ वर्षं तुम्हाला साथ देतील. पण दुसऱ्याला देण्यासारखी त्यातली एकही नाही."

चन्नम्मानं कापूस उचलला, त्याच्यावरचा सुकलेला ठिपका पाहिला आणि तो मुठीत घेतला.

सोलापूरहून परतीच्या एसटीत ती खिडकीशी बसली होती. अणदूर गेलं, नळदुर्ग गेलं, तरी कापूस तिच्या मुठीतच होता. शेजारी शांतलिंग होता. तो मूळचाच कमी बोलणारा. मुरूममध्ये त्याची पिठाची गिरणी होती, आणि तिच्या घरघरीत दिवस काढलेल्या माणसाला शब्दांची फार सवय राहिली नव्हती.

चन्नम्माच्या भावाचं, वीरप्पाचं, तसं नव्हतं. तो गवंडी, बोलका माणूस. गावातली निम्मी घरं त्याच्या ओळंब्याखालून गेली होती. आई, त्यांची अव्वा, साखरेनंच अंथरुणाला खिळली आणि मग गेली, तेव्हा चन्नम्मा परकरात होती. त्यानं तिला वाढवलं, तिचं लग्न लावून दिलं, आणि मगच स्वतःचं केलं. बायको लवकर गेली, मूल नव्हतं. उरला तो आणि दोन गल्ल्या पलीकडं बहिणीचं घर. साखर होती, पण साखरेनं काही दुखत नव्हतं. दुखायचे ते गुडघे. मग मेडिकलमधून दुखायची गोळी आणायची, ती चहाबरोबर गिळायची आणि परांचीवर चढायचं, असं कित्येक वर्षं चाललं. पायावर सूज आली तेव्हा त्यानं चप्पल मोठी घेतली. पुढं अन्न पोटात ठरेना, दम लागायला लागला, तेव्हा कुठं कळलं की दोन्ही किडन्या गेल्यात. आता आठवड्यातून दोनदा उमरग्याला जाऊन मशीनवर पडून राहायचं, आणि परत आल्यावर दिवसभर भिंतीकडं तोंड करून झोपायचं.

बहिणीचं रक्त जुळलं हे कळलं त्या दिवशी मात्र तो उठून बसला होता. हाताखालच्या जुन्या माणसांना बोलावून त्यानं ते सांगितलं होतं.

"अण्णाला कळू द्यायचं न्हाय," मुरूम जवळ आलं तेव्हा चन्नम्मा म्हणाली.

"काय कळू द्यायचं न्हाय?"

"माझ्या साखरेचं. अव्वाला त्यानं झिजताना बघितलंय. स्वतःला बघतोय. येईल जाईल त्याला एकच सांगतो, अव्वाचं दुखणं म्या घेतलं, चन्नी सुटली म्हणून. तेवढंच एक ऱ्हायलंय त्याच्याजवळ. ते कसं काढून घेऊ?"

"मग सांगायचं काय?"

जुळलं नाही असं सांगायची सोय उरली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं वीरप्पाकडं गेली. तो वाटच पाहत होता. अंगात धुतलेला सदरा होता, दाढी केलेली होती. सुजलेल्या चेहऱ्यावर ब्लेड लागून एक लाल रेघ उमटली होती.

"ये चन्नी. दाजी, बसा. काय म्हणल्या डॉक्टरीणबाई? कधी करायचं?"

चन्नम्मानं पदर सारखा केला. "अण्णा, ते..." ती थांबली. "तपासणीत सगळं बरंय. पण..."

"पण काय?"

तिचे ओठ हलले. आता ती रडणार आणि रडता रडता सगळं सांगून टाकणार, हे शांतलिंगनं ओळखलं. त्यानं काही ठरवलं नव्हतं. नंतरही, हे आपल्याला कसं सुचलं, ते त्याला सांगता आलं नसतं.

"मी न्हाय म्हणलो," तो म्हणाला.

वीरप्पानं त्याच्याकडं पाहिलं.

"नवऱ्याची सही लागती म्हणले. मी दिली न्हाय. पोरं अजून मार्गी लागायची हायेत. हिला काय झालं तर घर कुणी बघायचं?"

चन्नम्मा नवऱ्याकडं पाहतच राहिली. तो जमिनीकडं पाहत होता. वीरप्पानं स्वतः घातलेली ती फरशी होती, एकाही सांध्यात फट नसलेली.

"बरोबर हाय," वीरप्पा म्हणाला. "तुमचं बी घर हाय." मग तो भिंतीकडं तोंड करून आडवा झाला.

वाटेत चन्नम्मानं नवऱ्याचा हात धरला. भर रस्त्यात तिनं असं कधी केलं नव्हतं.

"असं का वो म्हणलात?"

"चल. ऊन व्हायलंय," तो म्हणाला.

गाव लहान. संध्याकाळपर्यंत गोष्ट बाजारपेठेत पोचली. ज्यानं वाढवलं त्याच्यासाठी बायकोला एक किडनी देऊ दिली नाही, असा माणूस आता गिरणीत बसून लोकांचं दळण दळत होता. काही बायका डबे घेऊन दुसऱ्या गिरणीकडं जायला लागल्या. ज्या येत त्या दळण ठेवून बाहेर उभ्या राहत. वीरप्पाच्या हाताखालच्या बलभीमनं तर तोंडावर थुंकल्यासारखं बोलून घेतलं. शांतलिंगनं पट्टा चढवला आणि गिरणी चालू केली.

घरी त्याचं वेगळंच चाललं होतं. चन्नम्माच्या ताटात मीठ कमी, भात कमी. सकाळी गोळी, रात्री गोळी. गोळी घेऊन पोट रिकामं राहिलं तर साखर एकदम उतरते, असं बाईंनी बजावलं होतं, म्हणून साखरेची पुडी तो खिशातच ठेवायचा. संध्याकाळी गिरणी बंद झाली की तो चन्नम्माला तुरीच्या रानाकडं चालत न्यायचा. लोकांना वाटायचं, बायकोला फिरवतोय. चन्नम्मा भावाला डबा पोचवून यायची, तेव्हा दारातच तिला तो विचारायचा, "तू जेवलीस का?" भावाबद्दल विचारायचं धाडस त्याला होत नसे.

पावसाळा सरता सरता वीरप्पाचा दम वाढला. मशीनवरून आला तरी सूज उतरेना. एका दुपारी त्यानं निरोप धाडला की दाजींनी एकट्यानं यावं.

शांतलिंग तसाच गेला, पापण्यांवर पीठ घेऊन. मनाची तयारी केली होती. शिवी दिली तर ऐकायची. हाकलून दिलं तर निघून यायचं.

वीरप्पा उशीला टेकून बसला होता. ओळंबा धरून धरून राठ झालेले हात आता फुगून मऊ दिसत होते.

"बसा दाजी. जवळ बसा. मोठ्यानं बोलवत न्हाय."

शांतलिंग खाटेच्या कडेला बसला.

"लई राग आला हुता तुमचा. म्हणलं, हा माणूस मेला तरी तोंड बघायचं न्हाय." त्यानं श्वास घेतला. "पडून पडून इचार केला. म्या लोभात आलो हुतो दाजी. जगायच्या. तिला कापायला निघालो हुतो. तुमी आडवं झालात म्हणून ती धड ऱ्हायली."

"अण्णा..."

"बोलू द्या. उद्या तिची एक गेली असती, अन् ऱ्हायलेल्या एकीला काय झालं असतं, तर म्या वर जाऊन अव्वाला काय सांगणार हुतो? तुमी बरं केलंत." वीरप्पानं हात पुढं केला. "उपकार झाले."

शांतलिंगनं तो फुगलेला हात हातात घेतला. खरं सांगावं असं त्याला त्या क्षणी फार वाटलं.

"सांभाळतो तिला," तो एवढंच म्हणाला.

पुढच्या आठवड्यात सकाळी उमरग्याला जाताना जीपमध्येच वीरप्पा गेला.

माती दुपारी झाली. लिंगायतांच्या रीतीनं जंगम आले, भस्म लावलं, बसवून पालखीतून नेलं. बलभीम आणि गवंडी लोकांनी सगळं केलं. शांतलिंग मागं मागं राहिला. खड्ड्यात माती लोटायला तो पुढं झाला, तेव्हा कोणीतरी मध्ये खांदा घातला. तो बाजूला सरला.

माणसं परत आली तेव्हा वीरप्पाच्या घरात बायका बसल्या होत्या. मध्ये चन्नम्मा, भिंतीला टेकून. सकाळी बातमी यायच्या आधी तिनं गोळी घेतली होती, आणि तेव्हापासून तिच्या पोटात पाण्याचा घोट नव्हता. शांतलिंग उंबऱ्यातच थांबला. तिच्या कपाळावर घाम डवरला होता. मांडीवरचे हात थरथरत होते. शेजारची बाई तिला म्हणत होती, रड ग बाई, मोकळी हो. चन्नम्मा तिच्याकडं बघत होती, पण तिला कुणी ओळखू येत नसावं.

तो बायकांमधून वाट काढत आत घुसला. डॉक्टरीणबाईंनी सांगितल्यापासून खिशात बाळगलेली पुडी त्यानं सोडली आणि चन्नम्माच्या पुढ्यात उकिडवा बसला. एका हातानं तिची हनुवटी धरली, दुसऱ्या हातानं चिमटीनं साखर तिच्या तोंडात घातली.

बायकांचं रडणं थांबलं. चन्नम्माची थोरली आत्या गुडघ्यावर हात टेकून अर्धी उठली.

"अरे, माणसाला मातीत ठेवून आलाव आत्ता! अन् त्याच्या भनीच्या तोंडात गोड घालतूस? तुला काय म्हणावं रं? त्याच्या मरणाचा आनंद झाला व्हय?"

शांतलिंगनं मान वळवली नाही. दुसरी चिमूट घातली. ओठांच्या कडेला चिकटलेले दाणे अंगठ्यानं आत सारले. दारात बलभीम येऊन उभा राहिला होता.

हळूहळू चन्नम्माची नजर ठिकाणावर आली. तिनं आधी नवऱ्याला पाहिलं, मग आत्याला, मग दारातल्या माणसांना. तिनं नवऱ्याचं मनगट घट्ट धरलं आणि भरल्या तोंडानं काहीतरी सांगायला लागली.

"आत्या, ह्यांनी..."

"आदी गिळ," शांतलिंग म्हणाला.