सदतीस गावांचा नकाशा

मित्रांनो, मी एक जुना नकाशा आहे आणि मी एका माणसाचा सूड घेतला आहे. भिंतीवर गप्प लटकणाऱ्या कागदाने असे बोलावे याचे तुम्हाला नवल वाटेल. आधी माझी हकिकत ऐका.

माझा जन्म अमेरिकेच्या मध्यभागातल्या एका छापखान्यात झाला. माझ्यावर सॉरेल काउंटी छापलेली आहे. काउंटी म्हणजे साधारण आपल्या तालुक्यासारखा मुलूख. हा मुलूख पाटीसारखा सपाट. दर मैलाला एक उभा रस्ता, एक आडवा. त्यामुळे सारा प्रदेश चौकड्यांच्या लुगड्यासारखा दिसतो. चौकड्यांत मका आणि सोयाबीन. फक्त दक्षिणेला लिटल ऑटर नावाची नदी हवी तशी वळते आणि रस्त्यांची शिस्त मोडते. माणसे सगळी मिळून आठ हजार चारशे. त्यांतली तीन हजार मुख्य गावात, बाकीची दूरदूर विखुरलेली. शाळा संपली की मुले शहर गाठतात, आईवडील मागे राहतात. दर जनगणनेला आकडे खाली येतात.

वीस वर्षांपूर्वी मी एका नळकांड्यात बसून बेंगळुरूला आलो. इंदिरानगरच्या एका कचेरीत परदेशातले नकाशे संगणकावर उतरवण्याचे काम चाले. तिथे वासुदेवरावांनी मला भिंतीवर लावले. त्यांचे घराणे चार पिढ्यांपासून शहराच्या जुन्या बाजारात, चिकपेटेत, कापड विकणारे. घरात मराठी, दुकानात कन्नड. वासुदेवरावांनी मात्र नकाशांचा नाद धरला.

सॉरेल त्यांनी कधी पाहिली नाही. पण दर हिवाळ्यात ते तिथल्या कचेरीतल्या हेलनबाईंना फोन करत. कोणता पूल वाहून गेला, कोणता रस्ता बंद झाला, कुठल्या वस्तीत किती माणसे उरली, हे सारे विचारून माझ्यावर पेन्सिलने बारीक अक्षरात लिहीत. संगणकावर फक्त माझी छापील रेघ गेली होती. खरी काउंटी त्या पेन्सिलीत होती. त्यांच्या हाताखालची शिल्पाश्री म्हणे, "अण्णा, तुम्हाला चिकपेटेतल्या गल्ल्यांपेक्षा सॉरेल जास्त ठाऊक आहे." ते हसत. ते दिवस माझ्या सुखाचे होते.

गेल्या वर्षी पुण्याहून आशय नावाचे नवे साहेब आले. काउंटीच्या ॲम्ब्युलन्सगाड्यांसाठी नवा नकाशा बनवून द्यायचा होता, आणि मुदत जवळ आली होती. छोट्या वस्त्यांची नावे पडताळायला वासुदेवरावांनी आणखी पंधरा दिवस मागितले.

"पन्नासच्या आतली सगळी गावं डिलीट करा," आशय म्हणाला. "सदतीस आहेत ना? कोण शोधतंय त्यांना?"

"साहेब, थ्री एल्म्सला अकरा माणसं राहतात."

"अकरा! वासुदेवराव, मी सर्जापूर रोडला राहतो. आमच्या सोसायटीत तुमच्या अख्ख्या काउंटीपेक्षा जास्त लोक आहेत."

"तुमच्या सोसायटीत ॲम्ब्युलन्सला रस्ता दाखवायला दहा वॉचमन आहेत. थ्री एल्म्सला हा नकाशाच आहे. माणसं कमी म्हणून गाव नाहीच, असं कसं म्हणता?"

सगळ्यांच्या देखत झालेले हे बोलणे आशयला झोंबले. आठवड्याभरात "आता तरुण लोकांची गरज आहे" असे सांगून त्याने वासुदेवरावांना घरी बसवले. मला त्याने स्वतः भिंतीवरून ओढले. खिळ्यापाशी माझा कोपरा फाटला, तो काउंटीच्या उत्तरेचा. मग भिंत रंगवणाऱ्यांनी मला जमिनीवर पसरले आणि माझ्यावर रंगाचे डबे ठेवले. आशय माझ्यावरून चालत गेला. त्या दिवशी माझ्या मनात सूड रुजला. निरोप घ्यायला आलेल्या वासुदेवरावांनी मला उचलले, झटकले आणि घरी नेले. शारदाबाईंनी, त्यांच्या पत्नीने, विचारले, "हा कचरा कशाला?" दुसऱ्या दिवशी वासुदेवरावांनी मला दुकानात, साड्या टांगायच्या घोड्याशेजारी टांगले आणि स्वतः गादीवर बसू लागले.

दोन महिन्यांनी बातमी आली. सदतीस गावे पुसलेल्या नव्या नकाशाची चाचणी झाली, आणि थ्री एल्म्सला निघालेली ॲम्ब्युलन्स चौदा मैल भलतीकडे गेली. चाचणीच होती म्हणून कुणाचा जीव गेला नाही. हेलनबाईंनी कळवले: सोमवारपर्यंत सगळी गावे जागेवर हवीत, नाहीतर काम बंद. वीस वर्षांच्या नोंदी एकत्र अशा आणखी कुठेच नव्हत्या; गावे परत आणायची तर माझ्यावरची पेन्सिल हवी होती.

शनिवारी दुपारी आशय चिकपेटेत आला. गर्दीत रिक्षा शिरेना म्हणून चालत, घामाने भिजलेला. मी भिंतीवरून पाहत होतो. मित्रांनो, मला फार बरे वाटले.

"वासुदेवराव, मला फक्त एक फोटो काढू द्या. प्लीज."

"स्वल्प थांबा साहेब, गिऱ्हाईक आहे."

पाऊण तास त्यांनी त्याला उभे ठेवले. मग मला उतरवून गादीवर पसरले. आशयने मोबाईल काढला तसा त्यांनी हात आडवा धरला.

"आधी वाचा. गाव आणि माणसं. मोठ्यानं."

आशयने मान खाली घालून वाचायला सुरुवात केली. "थ्री एल्म्स, अकरा. पाइन क्रॉसिंग, एकोणीस. ओल्ड मिल, सात…" दुकानातली गिऱ्हाइके वळून बघू लागली. त्याचा आवाज बसत गेला. सदतिसावे नाव वाचून झाल्यावर त्याने वर पाहिले.

वासुदेवरावांनी मला घडी घातली. "सरी, ठीक आहे. गावं आहेत, हे तुमच्याच तोंडून ऐकायचं होतं. आता निघा."

"पण फोटो?"

"तो तुम्हाला मिळणार नाही."

त्याच संध्याकाळी त्यांच्या पुतण्याने, पवनकुमारने, माझे फोटो काढले आणि वासुदेवरावांनी ते थेट हेलनबाईंना पाठवले. सोबत पत्र लिहिले: गावे चुकून गाळली गेली नाहीत, कुणाच्या हुकुमाने आणि का गाळली गेली ते असे. रविवारीच सदतीस गावे आपापल्या जागी बसली. सोमवारी काउंटीने कचेरीचे काम काढून घेतले. आशयची खुर्ची गेली.

आणि सॉरेलवर काम करणाऱ्या आठ जणांचीही. त्यांत शिल्पाश्री होती.

ती दुकानात आली तेव्हा वासुदेवरावांनी तिला बसायला सांगितले. ती बसली नाही.

"अण्णा, गावं वाचवलीत, छान केलंत. पण फोटो आशयसरांना दिला असतात तरी गावं वाचलीच असती. मग आम्हीही वाचलो असतो. आम्ही आठ जण होतो. आठ म्हणजे पन्नासच्या आतलेच ना?"

वासुदेवरावांच्या हातातली साडी तशीच राहिली. शिल्पाश्री निघून गेली. त्यानंतर तिच्यासाठी त्यांनी चार ठिकाणी शब्द टाकला. एका ठिकाणी तिला काम मिळाले. दुकानात ती पुन्हा आली नाही.

मित्रांनो, मी खोटे बोलणार नाही. आशयला सदतीस नावे वाचताना ऐकले, तो क्षण मला आजही गोड लागतो. मी त्याला क्षमा केलेली नाही, करणारही नाही. पण तुमच्या हाती कधी पेन्सिल आली, खोडरबर आले, तर एवढे करा: कोणतेही नाव पुसण्याआधी तिथे कोण राहते ते विचारा. रागाच्या भरात पुसणार असाल, तर दोनदा विचारा.