सलग चित्र

तिने डीव्हीडीची तबकडी प्लेअरमध्ये ढकलली आणि रिमोट घट्ट धरून सोफ्याच्या कडेला टेकली. सातवा महिना होता. वाकायचं नाही, उचलायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावल्यामुळे चार वर्षांची लेक आत्याकडे राहायला गेली होती. रोज व्हिडिओ कॉल व्हायचा आणि ती तो फोनच्या पडद्यावरून रेकॉर्ड करून ठेवायची.

सासऱ्यांनी खुर्ची टीव्हीपुढे ओढली.

"या खेपेला तरी धड दिसणार का? फोनवर नात मुंगीएवढी दिसते, आणि परवाच्या तुझ्या सिनेमात तर तिची कळसूत्री बाहुली झाली होती."

"आज नाही अडखळणार, बाबा."

तिने रिमोटचं बटण दाबलं.

परवाची डीव्हीडी का अडखळली, ते तिने शोधून काढलं होतं. फोन पडद्याचं रेकॉर्डिंग एकसारखं करत नाही. हालचाल असली की भराभर चित्रं टिपतो, नसली की आळसावतो. टीव्हीवरच्या तबकडीला मात्र दर सेकंदाला ठरलेली पंचवीस चित्रं लागतात. दुपारभर लॅपटॉपपुढे बसून तिने सगळं त्या मापात बसवलं, आवाज ओठांशी जुळवला आणि नवी तबकडी काढली. सकाळी कामावर निघताना नवरा हसला होता. "बाबांसाठी केवढा खटाटोप!" तिने त्याला डबा दिला आणि दार लावून घेतलं.

खटाटोप बाबांसाठी नव्हताच.

कॉलवर लेक बोलता बोलता मधेच थांबायची. डोळे उघडे, तोंड अर्धवट. क्षणभराने पुन्हा चालू. "आमच्याकडचं नेट मेलं असंच आहे," नणंद म्हणायची. नवरा म्हणायचा, "तुला काळजी करायला काहीतरी निमित्तच लागतं." तिलाही ते खरं मानायचं होतं. पण तिचा धाकटा भाऊ लहानपणी असाच बसल्या बसल्या कोरा व्हायचा. तंद्री लागते त्याला, म्हणायचे घरातले. मग एकदा जिना उतरताना लागली. हा फिटचाच प्रकार आहे, हे हॉस्पिटलात कळलं.

रेकॉर्डिंगचाच दोष निघू दे, एवढंच तिचं मागणं होतं.

टीव्हीवर लेक आली. दोन शेंड्या, दुधाचा पेला, हातात चमचा. मान हलली तशा शेंड्याही हलल्या, पाण्यासारख्या सलग. सासरे खुर्चीत पुढे सरकले.

"अरे वा, केवढी झाली! आणि बोलते तरी किती, थेट आजीवर गेलीय."

"आणि मग ना आजोबा, ते मांजर ना, ते..." लेक म्हणाली आणि थांबली.

"अडकली बघ तुझी तबकडी," सासरे म्हणाले.

 फोनच्या इवल्या चौकटीत जे कधी दिसलंच नव्हतं, ते आता हातभर पडद्यावर दिसत होतं. लेकीच्या मागे दोरीवरचा टॉवेल वाऱ्याने हलत होता. "अगं, सांग ना पुढे," असा नणंदेचा आवाज येत होता. लेकीच्या हातातला चमचा हळूहळू कलंडला आणि दूध फ्रॉकवर ओघळलं.

"...ते पळालं," लेक म्हणाली आणि ओल्या फ्रॉककडे नवलाने बघू लागली.

तिने चित्र मागे नेलं. पुन्हा पाहिलं. टॉवेल हललाच. दूध ओघळलंच.

"काय गं? काय झालं?" सासऱ्यांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

तिने फोन कानाला लावला होता.

"ताई, पिल्लू कुठे आहे?"

"अगंबाई, आज अवेळी फोन? आहे की न्हाणीघरात. टब भरून दिलाय, खेळतेय मस्त. मी जरा कणीक मळायला घेतली."

"तिच्याजवळ कोण आहे?"

"कोण कशाला हवं? टबात बसायला का मदत लागते तिला? मोठी झालीय आता."

"ताई, आत्ता जा. हात नका धुऊ. फोन घेऊनच जा."

"अगं, पण..."

"जा ना हो!"

सासरे उठून उभे राहिले. फोनमधून पावलं वाजली, भांडं लवंडलं, दार करकरलं. मग नळाची धार ऐकू आली.

"ही काय, आहे की! उगाच घाबरवलंस मला. थांब, स्पीकरवर टाकते. बोल गं, आई आहे."

"आई!" लेकीचा आवाज न्हाणीघरात घुमला. "मी ना बोट केलीय, साबणाची, आणि ती ना..."

नळाची धार वाहत होती.

"बघ, परत नेट गेलं वाटतं," नणंद म्हणाली.

"नेट नाही गेलं, ताई," ती हळूच म्हणाली. "तिला धरा."