अख्खी द्राक्षं

मावशीला सगळे मावशीच म्हणत, भाजीवाल्यापासून थेट मुख्याध्यापिकेपर्यंत. सख्खी भाची तिला एकच, पण या कामात पडल्यापासून दीडशे भाचरं झाली होती.

कामाची वाटणी तिघांत होती. मळेवाल्याने पहाटे फळं-भाज्या धाडायच्या, मावशीने आणि तिच्या जावेने त्या धुऊन, चिरून डब्यांत भरायच्या आणि शाळेने मधल्या सुट्टीत त्या मुलांपुढे ठेवायच्या. सुरुवातीला लोक हसले होते. मुलं कधी काकडी खातात का, म्हणाले. आता मुलं गाजर मागून घेत होती. ते ऐकून मळेवाला, जो स्वतःच्या लग्नातही हसला नव्हता म्हणे, मिशीतल्या मिशीत हसला होता.

मोठ्या वर्गांना द्राक्षं अख्खी जायची. बालवर्गाला मात्र प्रत्येक द्राक्ष उभं चिरून, चार फोडी करून. एकेचाळीस लेकरांची द्राक्षं उभी चिरायची म्हणजे दोघींची पाठ मोडायची, पण मावशी त्यात तडजोड करत नसे. बालवर्गाच्या डब्याला पिवळं झाकण, बाकीच्यांना हिरवं. टेंपोवाला बारक्या नावाचाच बारक्या, दारातून आडवा होऊन शिरायचा. त्याला वाचायचा कंटाळा, म्हणून ही रंगांची सोय.

त्या सकाळी पिवळं झाकण हातातच तडकलं. मावशीने त्या डब्यालाही हिरवं लावलं. जाऊ म्हणाली, "गोंधळ होईल हं." मावशी म्हणाली, एका दिवसाने काय होतंय, मी सांगते की बारक्याला. तेवढ्यात मळेवाल्याचा फोन आला, उद्याच्या टोमॅटोचं बोलणं निघालं, आणि बारक्या पाच डबे उचलून गेलासुद्धा. मोठ्या वर्गांना कमी पडलं तर असावा म्हणून रोज अख्ख्या द्राक्षांचा एक जास्तीचा डबा भरलेला असे, तसा एक ओट्यावर राहिला.

दहा वाजून वीस मिनिटांनी जावेने त्याचं झाकण उघडलं. आत चार-चार फोडी.

बालवर्गापुढे अख्खी द्राक्षं जाणार होती, आणि त्यांची मधली सुट्टी साडेदहाची. शाळेचा फोन लागेना. बारक्याचा वाजला तो ओट्याखालीच. गडी फोन विसरून गेला होता. "तू लावत राहा," एवढं म्हणून मावशी चपला न घालताच निघाली.

चार गल्ल्यांचं अंतर. साठी उलटल्यापासून ती पळाली नव्हती. गुडघे बोलायला लागले, छातीत भाता चालू झाला, पण डोळ्यांसमोर दुसरंच काही होतं. ती सात वर्षांची असताना धाकट्या काकाच्या मुलाच्या घशात शेंगदाणा अडकला होता. मूल अजून खोकत होतं. खोकत होतं म्हणजे श्वास होता. पण काकू किंचाळली, मूल दचकलं, त्याने जोरात श्वास आत ओढला आणि खोकला थांबला. तो थांबलेला खोकला मावशी इतक्या वर्षांत विसरली नव्हती. घरात त्याचं नाव पुढे कुणी घेतलं नाही, आणि मावशी स्वतःच्या मुलांना जेवताना कधी हाकही मारत नसे.

शाळेच्या फाटकाशी पोचली तेव्हा घंटा होऊन गेली होती. बालवर्गाचं दार उघडं होतं. मुलं सतरंजीवर गोल बसली होती, पुढ्यात वाट्या, वाट्यांत अख्खी, टपोरी, हिरवीगार द्राक्षं. गाल फुगले होते. कोणी खिदळत होतं, कोणी आडवं पडून खात होतं.

मावशीच्या घशापर्यंत किंकाळी आली. तिने ती गिळली, उंबऱ्यात क्षणभर थांबून श्वास सावरला आणि हसत आत गेली.

"माझ्या भाचरांनो, जीभ कुणाची सगळ्यात लांब? तोंडातलं हळूच हातावर काढा आणि मला दाखवा."

बाई चकित होऊन बघायला लागल्या. मावशी त्यांच्याजवळून जाताना कुजबुजली, "वाट्या उचला. घाई करू नका. चूक माझी आहे, नंतर सांगते." बाईंनी एकदा तिच्या रक्ताळलेल्या पावलांकडे पाहिलं आणि काही न विचारता वाट्या गोळा करू लागल्या.

मावशी गुडघ्यांवर सरकत एकेका तोंडात डोकावत गेली. एकाची जीभ, दुसऱ्याची जीभ. एकाने मान हलवून तोंड घट्ट मिटलं. मग त्याने दोन्ही गालांतून दोन द्राक्षं काढून विजयाने तिच्या तळहातावर ठेवली. ती मोजत होती. अडतीस. एकोणचाळीस. चाळीस.

"बाई, आज कोण नाही आलं?"

"सगळे आलेत की." बाईंनी वर्गावरून नजर फिरवली आणि त्यांचा चेहरा उतरला. "दोन वेण्यांची कुठे गेली?"

ती हात धुवायला गेली होती, असं कुणीतरी म्हणालं. मावशी व्हरांड्यातून मोरीकडे गेली. दार आतून लावलेलं. आत नळ चालू होता, बाकी आवाज नव्हता. खोकलासुद्धा नाही. मावशीचा हात दारावर पडेना. शेवटी तिने नखाने टकटक केलं, मांजर करतं तसं.

"आत कोण बाई आहे?"

नळाचं पाणी पडत राहिलं. मावशीने कपाळ दाराला टेकवलं.

"मी," आतून आवाज आला. कडी निघाली.

पोरगी ठणठणीत होती, फक्त फ्रॉक पुढून भिजलेला. मावशीने तिथेच खाली बसून तिचं तोंड उघडून पाहिलं. रिकामं.

"तू खाल्ली नाहीस गं?"

"नाही." तिने खिसा घट्ट दाबून धरला. "धुऊन ठेवलीत. बाळाला नेणार. त्याला घरी कोणी खाऊच देत नाही."

"केवढं आहे गं बाळ?"

पोरीने हाताने दाखवलं, तिच्या कमरेच्याही खाली. "त्याला अजून दात नाहीत. पण मी भरवते ना त्याला, कुणाला न सांगता."

मावशीने खिशातून द्राक्षं काढून घेतली. सात होती. पोरगी रडायला लागली, तिला कडेवर घेऊन मावशी भिंतीला धरत वर्गाकडे परतली. दारातून तिने चाळीस मुलांकडे पाहिलं, त्यांच्या फ्रॉकांकडे, चड्ड्यांकडे, शर्टांकडे. किती घरांत किती बाळं असतील.

बाई हुश्श करून खुर्चीवर बसल्या होत्या. मावशीने मान हलवली, तशा त्या पुन्हा उठल्या.

"भाचरांनो," मावशी हसून म्हणाली, पण आवाज या वेळी कापलाच, "आता खिसे दाखवा बघू."