हात सैल सोडा, साहेब

समोरचं माणूस गप्प बसलं की माझ्या तोंडातून शब्द सुटतात. ते कुठं जाऊन थांबणार, हे मलाही ठाऊक नसतं.

धंद्यानं सवय लागली, असं मी सांगते. सोलापूरच्या नव्या पेठेत आमचं बांगड्यांचं दुकान. बांगड्या भरायचं काम माझ्या यजमानांचं, बोलायचं माझं. बाईनं हात आखडून धरला की बांगडी अंगठ्याच्या उंचवट्यापाशी अडते, आणि जोर केला की फुटते. फुटली म्हणायचं नसतं, वाढली म्हणायचं. तर अशी वाढू नये म्हणून मी सुरू होते. हात सैल सोडा बाई, लेक कुठं दिली, जावई कसा, सासू हाय का अजून? बाई उत्तराच्या नादाला लागते आणि यजमान बांगडी पलीकडे सारतात. बांगड्या माझ्या बोलण्यानंच चढतात, अशी वीस वर्षं माझी खात्री होती.

चौतीस साली आमची लेक चन्नम्मा मॅट्रिक झाली आणि डॉक्टर व्हायचं म्हणाली. पुण्याच्या मेडिकल शाळेत त्या वर्षी आमच्या भागातल्या एकाच मुलीला जागा होती, अर्ज पाच. मुलाखत घ्यायला तीन डॉक्टर सोलापुरातच येणार होते. जागा मिळाली नाही तर पुढचं ठरलेलंच होतं. माझा भाऊ सोमलिंग अक्कलकोटचं स्थळ घेऊन आमच्या ओट्यावर बसून होता. मुलाचा तेलाचा घाणा होता, आणि चन्नीला तेलाच्या नुसत्या वासानं मळमळायचं.

आदल्या वर्षी मुलाखत देऊन आलेल्या एका मुलीची आई आमच्याकडं बांगड्या भरायला यायची. ती म्हणाली, "काशम्मा, माणसं न्हाईत ती, दगडं हाईत. पोरीनं बरोबर सांगितलं तरी मान हलवीनात, चुकली तरी हलवीनात. मदीच रडली की पोरगी."

मी म्हटलं, दगड तर दगड. आपण घरीच दगड करू.

दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसताना मी यजमानांचा रुमाल डोक्याला गुंडाळला, त्यांना शेजारी बसवलं आणि चन्नीला समोर उभी केली.

"डॉक्टर कशाला व्हायचंय तुला?" मी घोगऱ्या आवाजात विचारलं.

चन्नी म्हणाली, "शेजारची बसव्वाकाकू बाळंतपणात अडली. पुरुष डॉक्टर दारापर्यंत आला, पण घरच्यांनी त्याला आत घेतलं नाही. बाई डॉक्टर गावात तेव्हा नव्हती. काकू गेली. मी ओट्यावर पाण्याची घागर घेऊन उभी होते."

इथं दगडानं गप्प राहायचं होतं. दगडानं रुमालाचं टोक ओढून डोळ्यांना लावलं आणि म्हणाला, "शाबास गं माझी बाई!"

"अव्वा, डॉक्टर रडत न्हाईत."

"ह्यो रडणारा डॉक्टर हाय. तू पुढचं सांग."

यजमानांना मात्र काही शिकवावं लागलं नाही. लग्नाच्या दिवशी जो चेहरा घेऊन ते बोहल्यावर चढले होते, तोच घेऊन ते बसले होते. चन्नीचं बोलून झालं तरी हूं नाही की चूं नाही. इतका अस्सल दगड मला वीस वर्षं घरबसल्या मिळाला होता, आणि मी मेली त्याची कदर केली नव्हती.

"बघ," मी चन्नीला म्हटलं, "असंच बसतील ते. मग काय करशील?"

"काई न्हाई. थांबीन."

"थांबू नको! थांबलीस की बांगडी वाढलीच म्हणून समज. बोलत राहायचं!"

मग मी तिच्याकडून सात गोष्टी पाठ करून घेतल्या. मार्क, आजोबांची कीर्ती, नवव्या वर्षी केलेली पहिली गोल भाकरी, असं सगळं. खोलीत शांतता पडली की एकेक गोष्ट सोडत जायची. यजमानांनी सगळं ऐकलं आणि त्या आठवड्यातलं त्यांचं एकुलतं एक वाक्य बोलले.

"तिला कशाला धाडतीस? तूच जा की."

तर मी गेलेच. मुलीबरोबर पालक हवा होता. खरं तर यांनी जायचं, पण ऐनवेळी शब्द कमी पडायला नकोत, म्हणून मी पुढं झाले.

दवाखान्याच्या मागच्या खोलीत टेबलापलीकडे तिघं बसले होते. मधल्या म्हाताऱ्या डॉक्टरांच्या पांढऱ्या मिशा, आणि टेबलावर ठेवलेली घट्ट मूठ. एका बाजूला एक लिहिणारे. दुसऱ्या बाजूला डॉक्टरीणबाई, मनगटावर बांगडी नाही, नुसतं घड्याळ. मी मनातल्या मनात त्यांच्या बांगडीचं मापही घेतलं. सव्वादोन.

म्हाताऱ्यांनी विचारलं, "डॉक्टर का व्हायचं आहे?"

चन्नीनं बसव्वाचं सांगितलं. चार वाक्यांत. आणि थांबली.

कुणी मान हलवली नाही. लिहिणाऱ्यांनी लिहिलं नाही. म्हातारे तिच्याकडे नुसते बघत राहिले. एवढ्या वेळात डझनभर बांगड्या भरून झाल्या असत्या. मी चन्नीला कोपरानं ढोसलं, म्हटलं सोड आता पहिली गोष्ट. ती हलली नाही. दुसऱ्यांदा ढोसलं. मग माझंच तोंड सुटलं.

"साहेब, हिचे आजोबा बैलांची हाडं बसवायचे, लांबलांबनं बैल यायचे. गणितात पहिली हाय ही. पालीला भ्यायची, पण आता न्हाई भीत. भाकरी तर अशी करती..."

भाकरी किती मोठी ते हातानं दाखवताना माझी नजर त्या आवळलेल्या मुठीवर गेली आणि वीस वर्षांची जीभ आपणहून बोलून गेली.

"हात सैल सोडा, साहेब."

लिहिणाऱ्यांच्या हातातला टाक थांबला. म्हाताऱ्यांनी स्वतःच्या मुठीकडे पाहिलं. ती कुणा दुसऱ्याचीच असावी तसं पाहिलं.

"सुम्नीर, अव्वा," चन्नी मान न वळवता म्हणाली. गप्प बस, म्हणाली. आमच्या घरी फार रागावलं की कानडी येतं.

डॉक्टरीणबाई पहिल्यांदाच बोलल्या. "समजा, एखादी रोगी बाई अशीच सारखी बोलत राहिली. तर काय करशील?"

जमीन दुभंगावी असं कुणाला का वाटतं, ते मला त्या दिवशी कळलं. चन्नी विचार करत राहिली. मी पदराचा बोळा करून दातात धरला.

"बोलू देईन," चन्नी म्हणाली. "अव्वा भ्याली की बोलते. दुकानात हात आखडलेली बाई आली की अव्वा बोलते आणि अप्पा हात धरून नुसते बसतात. हात ऊब धरतो आणि सैल पडतो. मग ते बांगडी घालतात."

"आणि सैल पडलाच नाही तर?"

"उद्या या म्हणतात. जोर करत नाहीत."

तिघांच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. म्हातारे म्हणाले, "जा."

वाटेत मी चन्नीला म्हटलं, "मी घालवलं न्हाई का गं सगळं?" ती म्हणाली, "ठाऊक न्हाई, अव्वा." खोटं बोलायचीही तिला सवय नव्हती.

घरी मी यजमानांना सगळं सांगितलं, मुठीसकट. ते "हं" म्हणाले. सोमलिंगनं विचारलं, "मग दाजी, अक्कलकोटला कळवू?" यजमान म्हणाले, "थांब." तो मुकाट्यानं थांबला. माझ्या शंभर शब्दांनी तो कधी थांबला नव्हता.

पुढचे अठरा दिवस मी दुकानात तोंड मिटून बसले. बायका विचारायच्या, "काशम्मा, ताप हाय का?" आणि माझ्या डोळ्यांदेखत यजमान बांगड्यांवर बांगड्या चढवत होते. माझ्या एका शब्दावाचून. एकही वाढली नाही.

एकोणिसाव्या दिवशी पत्र आलं. मी वाचायला शिकले ती बांगड्यांभोवती गुंडाळून येणाऱ्या रद्दीवर. कागद फाटला की बातमी तिथंच संपायची. म्हणून चन्नम्माची निवड झाली, एवढं वाचूनही मी कागद उलटून बघितला, फाटून राहिलेलं काही आहे का म्हणून. होतं. मागच्या बाजूला वेगळ्या अक्षरात एक ओळ होती: "मुलीस पोचवण्यास शक्यतो वडिलांनी यावे."

चन्नी हसून हसून खाली बसली. यजमानही हसले. त्यांचे दात मी पुष्कळ वर्षांनी पाहिले.

स्टेशनवर मी एक शब्द बोलायचा नाही असं ठरवून गेले होते. चन्नीनं खिडकीतून माझा हात धरला. तो लाकडासारखा झाला होता. ती नुसता धरून राहिली. शिट्टी झाली तेव्हा माझा हात तिच्या हातात सैल पडला होता, आणि मग तिनंच तो हळूच सोडला.

दुकानात परत आले तर पायरीवर बजाबाई बसलेली, लेकीच्या लग्नाचा चुडा भरायला. यजमान तिला पोचवून पुण्याहून परवा येणार. म्हटलं, आपण भरू. तिचा हात घेतला आणि त्यांच्यासारखी गप्प धरून बसले. बजाबाई माझ्याकडे बघायला लागली. हात सैल पडायच्या ऐवजी आणखीच आखडला.

"काशम्मा, बोलत का न्हाईस गं?" ती म्हणाली. "भ्या वाटतंय मला."

मग मी बोलले. चन्नीचं पुणं, डॉक्टरीणबाईंचं सव्वादोनचं मनगट, ती मूठ, सगळं सांगितलं. बजाबाई डोळ्याला पदर लावून हसली. बांगडी आत गेली. दुसरीही गेली.

तिसरी वाढली. पण एवढं चालायचंच.